मदत हवी आहे: फिशमध्ये हिरवा सिग्नल दिसेना, नारिंगी मात्र ठणठणीत

नमस्कार, सायटोजेनेटिक्सवाले (गुणसूत्रं तपासणारे) कोणी असाल तर प्लीज वाचा. मी एका लॅबमध्ये सात महिने फिश (पेशीतल्या जनुकांना चमकते रंगीत ठिपके लावून मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) करतेय, जास्त करून सीएमएलच्या (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) पेशंटचं बीसीआर-एबीएल, म्हणजे ही दोन जनुकं जोडली गेलीत का ते बघायचं, ड्युअल फ्युजन प्रोब (जनुकांना चिकटणारे चमकते डीएनएचे तुकडे, एकाला नारिंगी, दुसऱ्याला हिरवा) वापरून. गेल्या तीन बॅचेस हिरवा सिग्नल इतका फिका येतोय की डोळे फाडून बघावं लागतं, त्यात सगळीकडे हिरवट धुकं. नारिंगी झकास, डॅपी (पेशीचं केंद्रक रंगवतो तो) पण छान निळा.

पॉझिटिव्ह पेशीत १ नारिंगी, १ हिरवा आणि २ फ्युजन (दोन्ही रंग एकत्र आलेले ठिपके) दिसायला हवेत, पण हिरवा गायब झाला की फ्युजनसुद्धा नारिंगीच दिसतात, म्हणजे नुसते ३ नारिंगी ठिपके, आता अशा २०० पेशी मोजून काय लिहायचं? त्यावर पेशंटचं औषध ठरतं हो, मला रात्री झोप लागत नाही.

प्रोसेस नेहमीचीच आहे, पेलेट (पेशींचा गाळ) मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिड ३:१ मध्ये, पेप्सिन (प्रोटीन पचवणारं एन्झाइम), रात्रभर ३७ डिग्रीला हायब्रिडायझेशन (प्रोब डीएनएला चिकटवणं), दुसऱ्या दिवशी ०.४ एसएससीत (मिठाचं बफर) ७३ डिग्रीला २ मिनिटं वॉश. नवीन प्रोब उघडून बघितला, नॉर्मल कंट्रोलवर पण तेच. काय चुकतंय?

रंगसूत्र:
कंट्रोलवर पण होतंय म्हणजे सॅम्पलचा दोष नाही. आधी स्लाइडवर जिथे पेशी नाहीत अशी रिकामी जागा बघा. तिथेही धुकं असेल तर वॉश नाहीतर ऑइल, साधं इमर्शन ऑइल (स्लाइड आणि लेन्सच्या मध्ये घालतात ते) स्वतःच चमकतं, फ्लुरोसन्सचं वेगळं घ्यावं लागतं. धुकं फक्त पेशीभोवती असेल तर पेप्सिन कमी पडलंय. आणि ७३ हे वॉटर बाथच्या डिस्प्लेवरचं की जारमधलं? थर्मामीटर जारमध्येच बुडवून बघा, गार स्लाइड्स एकदम टाकल्या की पण तापमान पडतं.
मायक्रोस्कोपला मर्क्युरी लॅम्प आहे का? किती तास झालेत? त्या दिव्याचा जोर ५४६ नॅनोमीटरला असतो, तो नारिंगीला उपयोगी पडतो, डॅपीला ३६५ ची रेषा मिळते, पण हिरव्याला लागणाऱ्या ४९० च्या आसपास तो मुळातच कमजोर. म्हणून दिवा थकला की पहिला मार हिरव्याला.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! रिकाम्या जागी पण धुकं होतं. जारमध्ये थर्मामीटर घातला तर ६६!! डिस्प्ले आपला ७३ दाखवतोय आणि मी तीन बॅचेस त्याच्यावर विश्वास ठेवून बसले. काल जारमध्ये ७३ करून एकेक स्लाइड टाकली, धुकं जवळजवळ गेलं. हिरवा आता दिसतो, पण अजून मंदच. लॅम्पचं मीटर ३४० तास दाखवतंय, बल्ब २०० तासांचा. ते तीन बॅचेसचे रिपोर्ट मी सरांना सांगून थांबवलेत, पेलेट उणे २० ला आहेत, त्यांच्यावर परत प्रोब लावणार. नवीन बल्ब बसवल्यावर अलाइनमेंट (त्याचा उजेड नीट मध्यावर आणणं) स्वतः केलेलं कोणी आहे का? इंजिनीअर पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही आणि एवढे दिवस पेशंटना थांबवणं मला बरं वाटत नाही.