मदत हवी आहे: 1881 च्या शिरगणतीत माळशिरसच्या शेतकरी घराण्याची नावे सापडतील का?

शिवारवाट
नमस्कार. माळशिरस तालुक्यातल्या (जि. सोलापूर) एका जिरायतदार घराण्याची वंशावळ मागे नेतो आहे. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार धरत धरत 1928 पर्यंत पोहोचलो. त्या साली 'राणू बिन तुकोजी, ए.कु.मॅ.' मयत झाल्याची वारसनोंद आहे. क्षेत्र 12 एकर 20 गुंठे. त्यापलीकडे वाट बंद. 1872 आणि 1881 च्या शिरगणतीचे (जनगणनेचे) घरवार कागद कुठे बघायला मिळतात? 'ए.कु.मॅ.' म्हणजे काय? आणि 1928 च्या आधीचे कागद मागायचे तर कोणत्या कचेरीत?

जुनेदप्तर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे हेलपाटे वाचतील. शिरगणतीत नावं मिळणार नाहीत. 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री घरोघरच्या याद्या भरल्या गेल्या हे खरं, पण आकडे तक्त्यांत चढवल्यावर त्या याद्या जपल्या नाहीत. इंग्लंडमधल्या 1881 च्या याद्या नावानिशी खुल्या आहेत, म्हणून आपल्याकडेही असतील असं अनेकांना वाटतं. इथे छापील अहवाल तेवढे उरले: जिल्हा, तालुका, जात, धंदा, वय यांचे आकडे.

तरी ते अहवाल बाजूला टाकू नका. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 1872 मध्ये सुमारे 7 लाख 19 हजार होती, ती 1881 मध्ये 5 लाख 82 हजारांवर आली. मधे 1876-77 चा दुष्काळ. माणसं मेली, गावं सोडून गेली. तुकोजीची पिढी याच काळातली दिसते. तेव्हा 'हे घराणं इथे मुळापासून आहे' असं गृहीत धरू नका. दुष्काळानंतर दुसऱ्या गावाहून येऊन जमीन घेतली असण्याची शक्यता उघडी ठेवा.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, कर्ता. याचा अर्थ राणूला भाऊ असू शकतात आणि ते कागदावर दिसणार नाहीत. वंशावळीत इथेच सगळ्यात जास्त चुका होतात: एकच नाव दिसलं की एकच मुलगा होता असं लोक लिहून मोकळे होतात. भाऊ सापडतात ते पुढच्या वाटणीच्या फेरफारात किंवा फाळणीत (सर्व्हे नंबरचे हिस्से दाखवणाऱ्या कागदात). जुन्या नोंदींत 'अ.पा.क.' दिसलं तर तो अज्ञानाचा (अल्पवयीनाचा) पालनकर्ता. त्याला बाप समजू नका, बऱ्याचदा तो चुलता किंवा मामा असतो.

नीरेकाठ
1928 च्या मागे जायचं तर गट नंबर सोडून सर्व्हे नंबर धरा. गट नंबर 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतरचे. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा मागा. त्यात कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते कळतं. मग त्या सर्व्हे नंबरची फाळणी आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) घ्या. टिपण आणि गुणाकारबुक सध्या नको, ते मापाचे कागद आहेत. हद्दीच्या वादात लागतात, वंशावळीत फारसे नाहीत.

जमीन तीच आहे ना, हे क्षेत्र आणि आकार (शेतसारा) दोन्ही जुळवून ठरवा. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. तुमचे 12 एकर 20 गुंठे म्हणजे आताचे 5 हेक्टर 6 आर. नुसतं क्षेत्र जुळून भागत नाही, कारण शेजारचा नंबरही तेवढाच निघू शकतो. रुपये-आणे-पै मधला आकारही तोच असेल तर बहुतेक वेळा जमीन तीच.

सातबाऱ्याच्या आधीचं कडईपत्रक ई-अभिलेखवर (जुन्या कागदांच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर) मिळतंय का पाहा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. 'आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत' असं लिहिलंत तर अर्ज परत येणार. मौजे, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि सालांचा पल्ला, चारही लिहा. कागद नसेल तर 'आढळून येत नाही' असं लेखी घ्या.

जुनेदप्तर
त्याच कक्षात गाव नमुना 14 मागा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक कोतवाल बुक म्हणतात ती. वारसनोंद 1928 ची असली तरी राणू त्याच वर्षी वारला असं नाही. नोंद कधीकधी बऱ्याच वर्षांनी घातली जायची. 1928 पासून मागे एकेक साल उलटत चला. वयावर मात्र विसंबू नका: 50, 60, 70 असे गोल आकडे घालायची रीतच होती, पाच-सात वर्षांचा फरक धरून चाला.

आणखी एक. माळशिरस 1875 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं. त्याआधीचा कागद सोलापुरात शोधून सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं नाही. 1848 च्या आधी तर हा मुलूख सातारच्या छत्रपतींचा. त्या काळासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं सातारा महाराजांचं दप्तर पाहा. काही गावांच्या खानेसुमारीचे (घरमोजणीचे) कागदही पुण्याला आहेत. त्यांत घरधन्याचं नाव, माणसं, गुरं असं येतं. तुम्हाला शिरगणतीतून जे हवं होतं ते असल्या कागदात मिळू शकतं, पण तुमच्या गावचा रुमाल (कागदांचं गाठोडं) आहे का ते आधी सूचीत बघून जा.

मोडीवाचक
यातलं बहुतेक मोडीत असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि शब्द सलग जोडलेले असतात, त्यामुळे सुरुवात नावापासून करू नका. आधी 'मौजे', 'बिन', 'कोम', 'मयत' हे ठरलेले शब्द शोधून त्यांवर खूण करा. बिनच्या पुढे बापाचं नाव, कोमच्या पुढे नवऱ्याचं. आडनाव पुष्कळदा नसतंच. आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून 'तुकोजी बिन राणू' दिसला तर तो तुमच्या राणूचा बापही असेल किंवा मुलगाही. साल पाहिल्याशिवाय ठरवू नका. सालही तपासून घ्या: शकात 78 मिळवले की इसवी सन, फसलीत (महसुली सनात) 590. फसली 1300 म्हणजे 1890-91.

शिवारवाट
मनापासून आभार. 9(3), 9(4) चा अर्ज सोमवारी देतो. 1880 च्या आसपास जमीन गहाण पडली असेल तर ते कुठे उमटतं?

नीरेकाठ
पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना 1879 चा दख्खन शेतकरी कायदा लागू होता. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावनिबंधकासमोर लिहावा लागे. म्हणून दुय्यम निबंधकांकडे किंवा जिल्ह्याच्या निबंधक कचेरीत त्या काळच्या नोंदवह्या आहेत का, विचारा. दस्तात देणाऱ्याचं, बापाचं नाव आणि राहतं गाव एकत्र येतं. गहाण घेणाऱ्याचं नावही टिपून ठेवा, पुढे तेच नाव कडईपत्रकात कब्जेदार म्हणून दिसलं तर जमीन हातची गेली होती असं कळेल.

जुनेदप्तर
गावात हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगणारे) येत असतील तर त्यांच्या वहीतून तुकोजीच्या वरच्या पिढ्या लिहून घ्या, आणि पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्याही बघा. मात्र ती नावं वंशावळीत पेन्सिलीने लिहा. फाळणी, कडईपत्रक किंवा नमुना 14 यांपैकी एकाशी तरी जुळलं, मगच शाईने.