टॅसिटसचा तिबेरियस: खरा किती, रंगवलेला किती?

कोरी_पाटी: रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'ची पहिली सहा पुस्तकं, म्हणजे सम्राट तिबेरियसची राजवट, वाचून झाली. तिबेरियसने काहीही चांगलं केलं की टॅसिटसला त्यात कपट दिसतंच. आणि सुरुवातीला म्हणतो, राग-लोभ बाजूला ठेवून लिहितोय! यातलं घ्यायचं काय?

शिलालेखवाला: पेन्सिल घ्या. कोणी काय केलं, सिनेटने काय ठरवलं, त्याखाली सरळ रेघ. 'असं म्हणतात', 'भीतीपोटी की मत्सरापोटी' असं आलं की नागमोडी. दोन कारणं देऊन वाईट कारण मनात रेंगाळत ठेवायचं, ही त्याची खास खोड. सरळ रेघा बऱ्याचदा टिकतात. इ.स. 20 मधल्या पिसोच्या (राजपुत्र जर्मानिकसला मारल्याचा आरोप असलेला उमराव) खटल्याचा सिनेटचा ठराव स्पेनमध्ये ब्राँझवर कोरलेला सापडला, 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तिबेरियसची आई लिव्हिया हिच्या शब्दाखातर पिसोची बायको प्लांकिना सुटली, हे दोन्हीकडे आहे. फक्त ठरावात राजघराण्याची आरती ओवाळलीय आणि टॅसिटस त्याच गोष्टीला लाजिरवाणी म्हणतो. (सरकारी कागद निःपक्षपाती असतो, हा भ्रमही यात जातो.)

वादी_प्रतिवादी: रेघा ठीक, पण भाषणांवर मारू नका. नंतरचा सम्राट क्लॉडियस याच्या 48 सालच्या भाषणाचा ब्राँझपट ल्योंला सापडलाय. 'अ‍ॅनल्स'मधल्या त्याच भाषणाशी ताडून पाहा: टॅसिटसने ते कापलं, क्रम बदलला, भाषा स्वतःची घातली, मुद्दा तेवढा राखला. आणि टॅसिटसचा हा कडवटपणा येतो सम्राट डोमिशियनच्या राजवटीतून (81–96). 88 मध्ये टॅसिटस स्वतः प्रेटर (वरिष्ठ न्यायाधिकारी) होता, म्हणजे त्याच राजवटीत वर चढला. सिनेटच्या गप्प बसण्यात आपलाही हात होता, हे त्याने 'अ‍ॅग्रिकोला'च्या (सासऱ्याच्या चरित्राच्या) शेवटी लिहिलंय. ते आधी वाचा.

कोरी_पाटी: आणि पाचव्या-सहाव्यात सगळं तुटक का? त्याच्या मते सत्ता माणूस बिघडवते की उघडा पाडते?

शिलालेखवाला: पाचव्याचा बराचसा भाग हरवलाय. 31 मधला सेजानसचा (तिबेरियसचा उजवा हात) पाडाव त्यातच गेला. ती फट नंतरचा इतिहासकार डिओ कॅसियस याच्या 58व्या पुस्तकाने भरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहाव्या पुस्तकाच्या 51व्या प्रकरणात: एकेक धाक सुटत गेला तसा तिबेरियस उघडा पडला. त्याच्याच 'हिस्टरीज' या दुसऱ्या ग्रंथात (1.49) सम्राट गाल्बाबद्दल तर म्हणतो, राज्यावर बसला नसता तर सगळ्यांनी त्याला लायकच मानलं असतं. पण लगेच पुढच्या प्रकरणात अपवादही देतो: सत्तेवर येऊन सुधारलेला तोवरचा एकच सम्राट, व्हेस्पेशियन.