छोट्या वकिलातीत माणसं पुरेशी आहेत का, हे कसं तपासायचं?

दूरदेशी: समजा भारताची एखादी छोटी वकिलात आहे. भारतातून आलेले तीन अधिकारी, दोन सहायक, पाच स्थानिक कर्मचारी. वर शेजारच्या देशांचाही कार्यभार. फिजीची राजधानी सुवा इथलं भारताचं उच्चायुक्तालय फिजीबरोबर टोंगा, तुवालू बघतं, तसा. मनुष्यबळ कमी की जास्त, हे कशावरून ठरवायचं?

खर्डेघाशी: डोकी मोजून काही कळत नाही, कामाची मिनिटं मोजा. सुट्ट्या वजा जाता माणसाचे वर्षाला साधारण २२० दिवस धरा, दिवसाचे खरे सहा तास: १,३२० तास. समजा वर्षाला पासपोर्ट-व्हिसाचे ३,६०० अर्ज, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे १,५०० तास. म्हणजे एका माणसाला झेपण्याहून जास्त काम. ही झाली सरासरी. सुट्टीच्या हंगामात अर्ज वाढतात आणि नेमकी तेव्हाच कर्मचाऱ्यांनाही रजा हवी असते, म्हणून सर्वांत जड महिना वेगळा काढा.

तिथे वारलेल्या भारतीयांचे मृतदेह मायदेशी पाठवण्याची प्रकरणं यात मिसळू नका. स्थानिक मृत्यूचा दाखला, पोलिसांची ना-हरकत, एम्बामिंगचा (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, पासपोर्ट रद्द करणं, विमान कंपनी. घरच्यांची ऐपत नसेल तर खर्चासाठी वकिलातीतल्या भारतीय समुदाय कल्याण निधीची मंजुरी. तेवढा वेळ काउंटरचा एक माणूस गेलाच.

ताळेबंद: माणसं पुरेशी असूनही वकिलात घसरते ती हिशेबात. पैसे घेणं, वहीत नोंदवणं, बँकेशी ताळा करणं ही तिन्ही कामं एकाच हातात असतील तर बाकीची तपासणी नंतर करा. माणसं कमीच असतील तर निदान ताळा हेड ऑफ चान्सरीने (वकिलातीचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याने) स्वतः करावा आणि न सांगता रोकड मोजावी.

कोऱ्या पासपोर्ट पुस्तिकांचं गणित सोपं: आधीची शिल्लक अधिक आलेल्या, वजा दिलेल्या, वजा बिघडलेल्या. उत्तर तिजोरीतल्या क्रमांकांशी जुळलं पाहिजे. घोळ होतो तो बिघडलेल्यांत. छपाई चुकलेली पुस्तिका खणात पडून राहते, ना रद्दचा शिक्का, ना नोंद. मोजणारा किल्लीवाला नसावा. सामानाची मोजणी जीएफआर २०१७च्या (केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या) नियम २१३ नुसार वर्षातून एकदा लागतेच. पाच वर्षांच्या सह्या एकाच शाईत दिसल्या तर काय ते समजा.

दूरदेशी: स्थानिक कर्मचाऱ्यांवर आणखी काय टाकता येईल?

खर्डेघाशी: भाषांतर, अर्जदारांना वेळा देणं, डेटा एन्ट्री खुशाल द्या. सांकेतिक संदेश, डिप्लोमॅटिक बॅग (वकिलातीच्या सरकारी टपालाची सीलबंद पिशवी), कोऱ्या पुस्तिका, अर्जावरचा अंतिम निर्णय मात्र नाही. अधिकारी ठराविक वर्षांनी बदलतात, जुना स्थानिक कर्मचारी तिथेच असतो. सगळे संपर्क त्याच्याच मोबाइलमध्ये. म्हणून पदभाराची टिपणं मागा: भाडेकरार कधी संपतो, कोर्टात काय चालू आहे, शवागारात कोणाशी बोलायचं. आणि शेजारच्या देशांच्या दौऱ्यांचे दिवस त्या २२० मधून आधी वजा करा.