"दुर्बीण स्वस्त घे, पैसे रेंजफाइंडरला घाल" हा सल्ला देणाऱ्यांना उत्तर

गवताळ:
परवा इथे एका नवीन भावाने विचारलं होतं, पेनसिल्व्हेनियात हरणाचा पहिलाच सीझन, रायफल आहे, हजार डॉलर बाजूला काढलेत, काय काय घेऊ. त्याला उत्तर मिळालं, "दुर्बीण दोनशेतली १०×४२ घे, बाकीचे आठशे रेंजफाइंडरला (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राला) घाल, अंतर चुकलं की सगळं चुकलं." खाली वा वा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, पण पोरगा खरंच तसं घेऊन बसेल म्हणून लिहितोय.

अहो हरीण दिसतं कधी? झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी तिथे कायद्याने मुभा, आणि खरं काम त्या दोन टोकांनाच होतं. १०×४२ म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ ला १० ने भागा, ४.२ मिलिमीटर. आठपटीची असेल तर ८ ने भागा, सव्वापाच. डोळ्यात जाणारा उजेडाचा ठिपका एवढाच. त्यात स्वस्त काच, म्हणजे कडेला जांभळट झालर आणि मधे धुरकट.

२०१९ ला, सीझन सोमवारऐवजी पहिल्यांदा शनिवारी उघडला त्या वर्षी, मी पॉटर काउंटीत होतो. सूर्य मावळून पंधरा मिनिटं झालेली, हेमलॉकच्या झाडांच्या कडेला नर उभा. तिथे बहुतेक भागात मोठ्या माणसाला एका बाजूला निदान तीन फाटे असलेलाच नर मारता येतो, २००२ पासूनचा नियम. माझ्या स्वस्त १०×४२ मधून शिंगं म्हणजे नुसता काळा गुंता, फांदी कुठली आणि फाटा कुठला कळेना. सोबतच्या म्हाताऱ्याने त्याची जुनी ८×४२ हातात दिली. मोजले. दोनच. रायफल मांडीवरून उचललीच नाही. हे रेंजफाइंडरने सांगितलं असतं का? त्याने "६४" एवढाच आकडा दिला असता. आणि दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या (झीरो केलेल्या) .३०८ रायफलची गोळी तिथपर्यंत दोनेक इंचांपेक्षा जास्त वरखाली होत नाही, त्या झाडीत शंभराच्या पुढे दिसतं तरी कुठे.

पीपबाण:
तो सल्ला मीच दिला होता आणि अजूनही देईन. गवताळ, तुम्ही रायफलवाले आहात म्हणून एवढं निवांत बोलताय. मी बारा वर्षं धनुष्याने करतो. ऑक्टोबरची संध्याकाळ, मादी ओकच्या झाडाखाली, मला वाटलं तीस यार्ड, धनुष्यावरचा तीस यार्डांच्या नेमाचा पिन लावला, बाण सोडला. नंतर मोजलं तर अडतीस निघालं. आठ यार्डांनी बाण सात इंच खाली गेला, काळजाऐवजी पाय. टॉर्च घेऊन रात्री दोनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्ताचा माग काढला, ओढ्यापाशी तो संपला. ती मादी मिळाली नाही. तुम्हाला फाटे मोजता आले नाहीत तर तुम्ही बार टाकला नाहीत, बरोबर? माझ्या हातून जनावर जखमी होऊन गेलं. मग कुठली चूक मोठी?

रॉकीतला सातारकर:
पीपबाणच्या बाजूने. कोलोराडोत या एकदा. तीस अंशांच्या उतारावर खाली एल्क (तिथलं मोठं हरीण), लेझर म्हणतो ४०० यार्ड, पण गोळी पडते ती आडव्या अंतराप्रमाणे, म्हणजे ३४६ ची. .३०-०६ रायफलला तेवढ्यात जवळजवळ दहा इंचांचा फरक. कोनाचा हिशोब करणारा रेंजफाइंडर नसेल तर एल्कच्या पाठीवरून गोळी जाते.

आणि ते भागाकाराचं गणितही अर्धंच सांगितलंत. पन्नाशी उलटली की बहुतेकांची बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे फारशी उघडतच नाही, मग सव्वापाचातला जादा उजेड डोळ्याबाहेरच. उलट संधिप्रकाशात मोठं दिसण्याचाही उपयोग होतो, पट गुणिले भिंग याचं वर्गमूळ काढायचं, १०×४२ ला ४२० चं साडेवीस, ८×४२ ला ३३६ चं सव्वाअठरा, ही फूटपट्टी पण आहे.

गवताळ:
वर्गमूळ काचेची प्रत मोजत नाही सातारकर. त्या फूटपट्टीने दोनशेची आणि दोन हजाराची १०×४२ सारखीच ठरतात. आणि मुलाने विचारलं पेनसिल्व्हेनियाचं, तुम्ही डोंगर घेऊन आलात. झाडावरच्या वीस फुटी स्टँडवरून (माचाणावरून) वीस यार्डांवरच्या हरणाला कोनाचा फरक किती येतो सांगा. एक यार्ड! त्यासाठी जादा पैसे मोजायचे? आणि रेंजफाइंडरच्या डब्यावरचा "हजार यार्ड" आकडा चमकत्या पाटीचा असतो, हरणाच्या भुरकट कातडीवर निम्मासुद्धा मिळेल याची खात्री नाही. धुक्यात तर तो धुकंच मोजतो.

वृंदावन:
मला एक कळत नाही. मराठी माणसं जमून हरणाच्या काळजापासून बाण किती इंच खाली गेला यावर चर्चा करताय. आपल्याकडे १९७२ ला कायदा करून हे थांबवलं ते उगीच नाही. दुर्बीण घ्या, बघा, घरी या. माझी आई अंगणात आलेल्या खारीला दाणे घालते.

पीपबाण:
ताई, आमच्या काउंटीत हरणांनी जंगलातली कोवळी रोपं उगवू दिली नाहीत, ओकचं नवं झाड दिसत नाही. लांडगे शंभर वर्षांपूर्वीच संपले, मग हे काम कोण करणार? आणि १९३७ च्या कायद्याने रायफल-काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. दुर्बिणीवर असा कर नाही. नुसतं बघून घरी जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

जागल्या:
यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. ताई, तुमच्या आईला नमस्कार, पण खारीला दाणे घालणं वेगळं आणि घाटे भरलेल्या हरभऱ्यात रात्री चौदा रोही (नीलगायी) शिरणं वेगळं. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी माचाणावर झोपतो. झोपतो म्हणजे काय, जागतो. मागच्या साली रानडुकरांनी एका रात्रीत एक एकर लोळवला, पंचनाम्याला माणूस बाराव्या दिवशी आला आणि म्हणाला नुकसान ताजं दिसत नाही. बाराव्या दिवशी ताजं कसं दिसेल भाऊ?

कायदा पाळतो म्हणून बंदूक नाही, डबा वाजवतो आणि बॅटरी मारतो. बॅटरी कुठे मारायची ते कळायला जुन्या बाजारातली ७×५० आहे, ती वाकड्या नळ्यांची जाड दुर्बीण. सातने भागा पन्नासला, सातच्या वर येतं. चांदण्यात धुऱ्यावरचं डुक्कर उठून दिसतं, पाठीवरचे राठ केस उभे झालेलेसुद्धा. पोराने ऑनलाइन दहापटीची बारकी आणली होती, तिच्यातून रात्री काळोख दिसतो, दुसरं काही नाही.

वृंदावन:
जागल्या, पंचनाम्याचं वाचून वाईट वाटलं. भरपाई वेळेवर मिळायलाच हवी, त्यासाठी मीही भांडेन. पण त्याचा उपाय बंदूक हा नाही.

जागल्या:
मी बंदूक मागितलीच नाही ताई. नीट वाचा. मी कुंपण मागतोय आणि सात दिवसांत पंचनामा. तुम्ही शहरातून प्रत्येक वेळी बंदुकीवरच येता आणि आमचा हरभरा तसाच राहतो.

रॉकीतला सातारकर:
आमच्या कोयनेच्या खोऱ्यातही हेच. चुलत्याने भात करणंच सोडलं. जमीन पडून आहे आणि तिच्यात आता डुकरंच राहतात. यावर वेगळं लिहा जागल्या, इथे दबून जाईल.

काचबिंब:
मूळ प्रश्नावर कुणी येणार आहे का? त्या मुलाला चष्मा आहे असं त्याने लिहिलं होतं, ते एकानेही वाचलं नाही. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यातलं अंतर पंधरा-सोळा मिलिमीटर तरी मिळायला हवं, नाहीतर कडा कापल्या जातात आणि मधलं गोल भोक दिसतं. मी नऊ वर्षं तसलंच बघत होतो आणि समजत होतो की दुर्बीण अशीच असते. कितीपट ते नंतर, आधी आपला चष्मा घालून डोळ्याला लावून बघ.

पीपबाण:
चष्म्याचं मी वाचलं नव्हतं, खरंय. आणि रायफल, दाट झाडी, शंभर यार्ड, एवढंच असेल तर ठीक आहे, आठशे रेंजफाइंडरला घालायची गरज नाही. पण गवताळ, धनुष्याला तुमचा नियम लावू नका. तिथे आधी रेंजफाइंडर, आणि तोही पुढची डहाळी सोडून मागचं मोजणारा. साधा मोड ठेवला तर डहाळीचे अकरा यार्ड दाखवतो आणि हरीण असतं एकतीसवर.

गवताळ:
धनुष्याला मान्य. तुमच्या त्या मादीबद्दल वाचल्यावर त्यावर वाद घालणार नाही. पण दोनशेच्या काचेबद्दल एक शब्द मागे घेत नाही, कारण चांगली दुर्बीण नसली की लोक रायफलच्या स्कोपने (तिच्यावरच्या नेमाच्या दुर्बिणीने) बघायला लागतात. लॉरेलच्या झुडपांच्या जाळीमागे मला एकदा तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं. दुर्बीण लावली तर भगव्या जाकिटाची कड दिसली, माणूस वाकून बुटाची नाडी बांधत होता. स्कोपने बघितलं असतं तर भरलेली रायफल त्याच्यावर रोखून बघितलं असतं.

त्या मुलाला म्हणेन, सहाशे-सातशेची ८×४२ घे, उरलेल्यात साधा रेंजफाइंडर, दुपारीच स्टँडवरून झाडं मोजून ठेवायला. सातारकर, वर्गमूळ घेऊन थँक्सगिव्हिंगला इकडे या. मी माझी आठ आणतो, तुम्ही तुमची दहा आणा, सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी त्याच हेमलॉककडे बघू.

रॉकीतला सातारकर:
येतो. किंमत सारखी असलेलीच आणणार, मग बोलू.