मदत हवी आहे: स्विचवर डायब्लो ३ घ्यावा का?

मंडळी, निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी 'डायब्लो ३: इटर्नल कलेक्शन' हा राक्षस मारत लूट गोळा करायचा गेम घ्यायचा विचार चाललाय. स्विचवर तो २०१८ मध्ये आला, पण यात 'रीपर ऑफ सोल्स' हा विस्तार-भाग आणि नेक्रोमॅन्सर हे जादाचं पात्र दोन्ही आधीपासूनच येतात, म्हणजे सातही क्लास (पात्रांचे प्रकार) मिळतात. पीसीवर सतत इंटरनेट लागतं, स्विचवर ऑफलाइन चालतो. माझं बहुतेक खेळणं लोकलमध्ये होतं, त्यामुळे माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

कथा एकदा संपली की पुढे काय? अ‍ॅडव्हेंचर मोडमध्ये (कथेशिवाय मोकळं खेळणं) बाउंटी (छोटी कामं) आणि रिफ्ट (दर वेळी बदलणारी राक्षसांनी भरलेली ठिकाणं) पुन्हा पुन्हा करायच्या, दर वेळी थोडी बरी तलवार, थोडं बरं चिलखत. मला लूट गोळा करायला मनापासून आवडतं, तरी एकट्याने खेळताना त्यात किती दिवस मजा येते? घरी भाऊ आला तर एकाच स्क्रीनवर दोघं खेळू, पण तो क्वचितच येतो.

हातात धरून खेळताना वस्तूंवरची अक्षरं नीट वाचता येतात का? गर्दीच्या लढाईत गेम अडखळतो का? ज्यांनी नुसता हँडहेल्डवरच खेळलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पूर्ण किमतीत घ्यावा की सेलची वाट पाहावी? 'हेडीस' हा गेम खेळून झालाय, तो सुचवू नका.