मदत हवी आहे: स्टॉक मोजणीत निम्मीच तपासणी केली, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. अकाउंटिंगच्या डिग्री अप्रेंटिसशिपचं माझं दुसरं वर्ष चालू आहे. डिग्रीचा अभ्यास आणि ऑडिटचं काम दोन्ही एकत्र.

वर्षअखेरीच्या स्टॉक मोजणीला पहिल्यांदाच एकटा गेलो होतो. मोजणी क्लायंटची माणसं करतात, आपण ती पाहायची आणि काही वस्तू स्वतः मोजायच्या, एवढं आयएसए ५०१ (ऑडिटचं आंतरराष्ट्रीय मानक) वाचून माहीत होतं. यादीतून २० वस्तू निवडल्या, रॅकवर जाऊन मोजल्या. सगळ्या जुळल्या. स्वारी खूश!

सीनियरनी वर्किंग पेपर (ऑडिटच्या कामाची लेखी नोंद) पाहून एकच विचारलं, "रॅकवरून यादीकडे किती तपासल्या?" एकही नाही. यादीतला माल खरंच आहे का, हे मी पाहिलं. पण जो माल यादीत चढलाच नाही, तो असा कसा सापडणार? परीक्षेत हेच उत्तर मी व्यवस्थित लिहिलं होतं, हे विशेष.

आता ते म्हणतात, परत जा, रॅकवरून निवडून मोज आणि मधली आवक-जावक उलटी फिरवून वर्षअखेरीच्या आकड्यापर्यंत ये. असं कोणी केलंय का? आवक-जावकीच्या नोंदींवर किती विसंबायचं? माल मिळाल्याची पावती एका तारखेची आणि बिल दुसऱ्या तारखेचं असेल तर तुम्ही कुठली धरता?

आणि आधीची अपुरी तपासणी वर्किंग पेपरमध्ये नेमक्या कोणत्या शब्दांत लिहू? खोडायची नाही, एवढं नक्की.