मदत हवी आहे: एचआयव्हीची चाचणी घरच्या घरी करायचीय, पण घरात पाच जण राहतात

कॉव्हेंट्रीकर_तात्पुरता | रविवार, रात्री 1:12

नेहमीचा आयडी सोडून नवीन काढलाय, समजून घ्या. जुन्यावर माझे पोह्यांचे फोटो आहेत आणि आत्येभाऊ येऊन प्रत्येकावर कॉमेंट टाकतो.

मूळ सांगलीकडचा, इथे इंग्लंडात मास्टर्स करतोय. 34 दिवसांपूर्वी एक प्रसंग झाला, कंडोम फाटला. कोणाबरोबर, कुठे, हे लिहीत नाही, कृपया विचारू नका. त्या व्यक्तीशी आता संपर्क नाही. तेव्हापासून घसा खवखवला तरी रात्रभर गूगल करतो. परवा अंगावर पुरळ आलं म्हणून हादरलो, तर ते नव्या साबणाचं निघालं.

चाचणी करायची हे ठरलंय. अडलंय ते कुठे आणि कशी यावर.

घरपोच किट फुकट मिळतं असं वाचलं. पण आम्ही पाच जण एका घरात राहतो, चार मराठी आणि एक अहमदाबादचा. दारात पार्सल पडलं की सातारकर रूममेट नाव न बघता फोडतो, कारण घरातली निम्मी पार्सलं त्याचीच असतात. मागच्या महिन्यात माझ्या आईने पाठवलेली चकलीसुद्धा त्यानेच उघडली (आणि संपवली). औषधाच्या दुकानातून किट घ्यावं तर तीसेक पौंड जातात, शिवाय काउंटरवर मागायचं कसं? विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात रिसेप्शनवर आमच्याच वर्गातली मुलगी पार्टटाइम बसते. जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) गेलो तर कायमची नोंद होईल आणि व्हिसाला अडचण येईल अशी भीती आहे.

तुमच्यापैकी कोणी केली असेल तर कशी केली? नुसतं "क्लिनिकला जा" असं नको, का जावं तेही लिहा.

शेंगदाणा_कूट | रविवार, सकाळी 9:40

लंडनहून. मी दोनदा केलीय, दोन्ही वेळा पोस्टाने. पाकीट साधं असतं, बाहेर काही लिहिलेलं नसतं आणि पत्राच्या फटीतून आत येतं. मी एकटी राहते, त्यामुळे मला याहून सोपं काही वाटत नाही. क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये ओळखीचं कोणी भेटेल या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो.

एक सांगते, किट दोन तऱ्हेची असतात. एकात तुम्हीच बोट टोचता आणि निकालही तिथेच बघता. दुसऱ्यात रक्त एका छोट्या नळीत भरून प्रयोगशाळेला पाठवायचं, निकाल मेसेजने येतो. मी दुसरी केली. ती नळी भरणं म्हणजे काय दिव्य आहे! बोट गरम पाण्यात धरा, हात खाली सोडून हलवा, मग पिळा. सॉसची संपत आलेली बाटली आठवा. पहिल्या वेळी नळी अर्धीच भरली, प्रयोगशाळेने "नमुना अपुरा" कळवलं आणि पुन्हा सगळं करावं लागलं.

पोस्टाची अडचण असेल तर ऑर्डर करताना घराऐवजी कलेक्शन पॉइंटचा पर्याय दिसतो का बघा. मला दिसला होता.

ब्रायटनचा_बाप्या | रविवार, सकाळी 11:05

आमच्या गावात 2017 साली किटचं व्हेंडिंग मशीन बसवलं होतं, तेही एका सॉनामध्ये (समलिंगी पुरुष जातात तसं बाष्पस्नानगृह). बटण दाबा, किट घ्या, कोणाशी बोलायचं काम नाही. मला ही कल्पना झकास वाटते. माणूस नको, नजर नको. चिप्स घेतो तसं घ्यायचं.

कॉव्हेंट्रीकर_तात्पुरता | रविवार, सकाळी 11:20

झकास आहे, पण मी सॉनात शिरताना कोणी पाहिलं तर ते चाचणीपेक्षा मोठं प्रकरण होईल.

ब्रायटनचा_बाप्या | रविवार, सकाळी 11:26

हा हा, तेही खरं. जे तिथे जातातच त्यांच्यासाठी ते उत्तम, तुझ्यासाठी नाही.

सत्यवचनी_75 | रविवार, दुपारी 12:50

[हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे. धाग्यात मदत मागितली आहे, संस्कारांवर प्रवचन मागितलेलं नाही. – संपादक]

चादरवाली | रविवार, दुपारी 3:30

मी सोलापूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) समुपदेशक आहे, पंधरा वर्षं झाली. तिकडच्या सोयींची माहिती मला नाही, पण एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते.

अरे, तू 34व्या दिवशी आहेस. किट कुठून आणायचं हा प्रश्न नंतरचा, कोणती चाचणी कितव्या दिवशी करायची हा आधीचा. संसर्ग झाला तरी तो चाचणीत दिसायला काही दिवस जातात, त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. आज घाईने किट आणलंस, एकच रेघ (म्हणजे निगेटिव्ह) दिसली आणि नाचायला लागलास तर ते खोटं समाधान ठरू शकतं. तिकडचे दिवस तिकडचं कोणीतरी नीट सांगेल.

दुसरं. तू लिहिलेली भीती मी रोज बघते. आमच्याकडे चाचणी फुकट आहे, संमतीशिवाय होत नाही, निकाल गुप्त ठेवायचं बंधन 2017 च्या कायद्यात आहे. तरी तालुक्याची माणसं आमच्या खोलीत येत नाहीत, जिल्ह्याला जातात. जिल्ह्याची पुण्याला जातात. आणि पुण्याचा एक जण मागे खास आमच्याकडे आला होता, एसटीने, सकाळी सहाची धरून! म्हणाला, ताई, इथे मला कोणी ओळखत नाही. फुकट असून भागत नाही. खोलीचं दार कोणत्या बाजूला उघडतं हे लोक आधी बघतात.

तिसरं. स्वतः चाचणी केलीस तर ती पंधरा-वीस मिनिटं तू एकटा असणार. दुसरी रेघ आली तर पहिला फोन कोणाला, हे किट उघडायच्या आधी ठरव. आणि दुसरी रेघ म्हणजे निदान नव्हे. आमच्याकडेही पहिल्या चाचणीत रिअॅक्टिव्ह, म्हणजे संशयास्पद, आलं तर वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केल्याशिवाय आम्ही कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही.

लेस्टरची_सिस्टर | रविवार, संध्याकाळी 7:15

ताईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी इथल्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये नर्स आहे, दिवसांचं मी सांगते.

शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी आताची चाचणी 45 दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर आम्ही ती पक्की धरतो. घरी लगेच निकाल देणाऱ्या किटला मात्र 90 दिवस धरावे लागतात. म्हणजे घरचं किट आज वापरलंत तर निगेटिव्ह निकालावर झोप लागणार नाही. तुम्ही पुन्हा गूगल करत बसाल. 45 दिवस पूर्ण झाले की क्लिनिकमध्ये रक्त द्या, एका खेपेत विषय संपेल.

(पुढच्या वेळेसाठी: असा प्रसंग झाला की 72 तासांच्या आत पेप म्हणजे संसर्ग रोखणारं औषध सुरू करता येतं, 28 दिवसांच्या गोळ्या असतात. क्लिनिक बंद असेल तर इमर्जन्सी विभागात मिळतं. हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही.)

आता तुमच्या भीतीबद्दल. आमच्या क्लिनिकची नोंद जीपीच्या नोंदीपासून वेगळी असते, तुम्ही हो म्हटल्याशिवाय जीपीला कळवत नाही. जीपीची चिठ्ठी लागत नाही. खरं नाव द्यायचं नसेल तरी चालतं, फोन नंबर तेवढा चालू द्या, निकाल त्यावर येतो. स्वतःच्या शहरातल्याच क्लिनिकला गेलं पाहिजे असंही नाही. माझ्याकडे बर्मिंगहॅमची माणसं येतात आणि आमच्या लेस्टरची बर्मिंगहॅमला जातात. ताईंच्या तालुक्यासारखंच आहे.

पैसे लागत नाहीत. आणि काही निघालंच तर इंग्लंडात एचआयव्हीचे उपचार 2012 च्या ऑक्टोबरपासून सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो.

टोकियो_व्हाया_ठाणे | रविवार, रात्री 8:02

मला तर न विचारता निकाल मिळाला होता. म्हणजे विचारलं होतं, भिंतीवर पोस्टर होतं, वाचायच्या अवस्थेत मी नव्हतो. तेव्हा लंडनला होतो, अपेंडिक्सच्या दुखण्याने इमर्जन्सीत गेलो. तिथे 2022 पासून रक्त काढतानाच एचआयव्हीचीही तपासणी करतात, नको असेल तर नाही सांगायचं. खरं सांगू? मला हीच पद्धत आवडली. ठरवावं लागलं नाही. ठरवायला बसलो असतो तर आजही ठरवतच असतो.

बुर्ज_खालचा | रविवार, रात्री 10:18

दुबईहून. व्हिसाची भीती कुठून येते ते मी सांगतो. इथे रेसिडेन्सीच्या मेडिकलमध्ये रक्त घेतात आणि एचआयव्ही निघाला तर परत पाठवतात. आपल्या प्रत्येकाच्या गावात कोणीतरी आखातात आहे, त्यांच्याकडून ही गोष्ट घरोघरी पोचलीय. पण तू इंग्लंडात आहेस. आठव बरं, व्हिसाच्या वेळी तुझी टीबीची तपासणी झाली होती, एचआयव्हीची झाली होती का?

कॉव्हेंट्रीकर_तात्पुरता | रविवार, रात्री 10:31

नाही झाली. छातीचा एक्स-रे फक्त. हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रबंध_अर्धवट | सोमवार, सकाळी 8:44

मी लिव्हरपूलला पब्लिक हेल्थ शिकते, माझा प्रबंध याच विषयावर आहे, त्यामुळे राहवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या डिसेंबरात स्वतः चाचणी करण्याची शिफारस केली. त्यानंतर संशोधकांपुढे प्रश्न आला तो असाच: लोकांना किट कसं हवंय? नुसतं विचारलं तर लोक सगळ्यालाच हो म्हणतात. म्हणून जोड्या लावून विचारतात. फुकट पण दवाखान्यात, की पैसे देऊन पण घरपोच? दारात गावातला ओळखीचा माणूस येऊन देईल ते बरं, की परका? काहीतरी सोडल्याशिवाय काही मिळत नाही, तेव्हा माणसाची खरी आवड कळते. मलावी आणि झिम्बाब्वेत तरुणांना असं विचारलं तर किंमत सगळ्यात जास्त टोचली. किट घरी आलेलं अनेकांना आवडलं, पण पैसे मागितले की लोक मागे सरले.

मला सगळ्यात भावलेला प्रयोग केनियाचा, 2016 सालचा. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या तपासणीला आलेल्या बायकांना जादा किट दिली, नवऱ्याला न्यायला. त्या गटात सुमारे 91 टक्के जोडीदारांची चाचणी झाली. ज्या बायकांकडे नुसतं "नवऱ्याला दवाखान्यात पाठवा" असं पत्र दिलं, त्यांच्यात सुमारे 52 टक्के. नवरे दवाखान्यात जात नव्हते, पण घरात बायकोने हातात दिलेलं किट त्यांनी वापरलं. आमच्या प्राध्यापकांनी लगेच विचारलं, नवरा मारकुटा असेल तर? तेव्हापासून मी ती आकडेवारी जरा जपून सांगते.

असो, धागाकर्त्यासाठी: तुमची यादी मी अशी वाचली. पैसे नकोत, ओळखीची नजर नको, घरात पुरावा नको. वेळ आणि प्रवास तुम्हाला चालतोय. मग लेस्टरच्या सिस्टर म्हणतात तेच तुमचं उत्तर आहे. शेंगदाणा_कूट यांची यादी वेगळी, म्हणून त्यांचं उत्तर वेगळं.

शेंगदाणा_कूट | सोमवार, सकाळी 9:10

मान्य. आणि मला वेटिंग रूम नकोच आहे, ते मी बदलणार नाही. इथले पंतप्रधान कीर स्टार्मर 2025 च्या फेब्रुवारीत कॅमेऱ्यासमोर ही चाचणी करून मोकळे झाले, त्यांच्या मावश्या नसतील बहुतेक व्हॉट्सअॅपवर.

चादरवाली | सोमवार, दुपारी 1:55

मावश्यांना दोष देऊ नका, आमच्याकडे दोन मावश्या स्वतः भाच्याला धरून घेऊन आल्या होत्या.

कॉव्हेंट्रीकर, तू कोणाला फोन करणार ते ठरवलंस का? त्याचं उत्तर दिलं नाहीस.

कॉव्हेंट्रीकर_तात्पुरता | मंगळवार, रात्री 11:48

सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार केला, म्हणजे पहिल्यांदाच गूगल न करता विचार केला.

घरच्या किटचा नाद सोडला. लपवायची जागा शोधण्यातच मी दमलो असतो. बर्मिंगहॅमच्या क्लिनिकची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, 46वा दिवस. कॉव्हेंट्रीहून ट्रेनने जेमतेम अर्धा तास. घरी सांगितलंय की इंडियन स्टोअरला चाललोय, त्यामुळे परतताना आता पाच किलो कोलम आणावा लागणार.

फॉर्मवर नावाच्या रकान्याशी बराच वेळ थांबलो होतो. खोटं नाव सुचत होतं ते नेमकं सातारकराचं. शेवटी स्वतःचंच टाकलं.

ताई, फोनचं. आत्येभावाला करेन असं वाटतंय. पोह्यांवर कॉमेंट टाकणारा तोच. अजून त्याला काही सांगितलेलं नाही, फक्त त्या शुक्रवारी फोन चालू ठेव म्हटलं. त्याने विचारलं, का रे, लॉटरी लागणार आहे का.

सिस्टर, एक शेवटचं: रक्त द्यायला उपाशी जायचं असतं का?

लेस्टरची_सिस्टर | बुधवार, सकाळी 6:20

नाही. पोटभर खाऊन जा, पाणी भरपूर प्या, शीर लवकर सापडते. आणि बाकीच्या तपासण्याही करू का असं विचारतील, सिफिलिस वगैरे. हो म्हणा.